कचराभूमीतील मिथेनवर विद्यापीठाची वीज: या चुका टाळा

कचराभूमीत गाडला गेलेला सेंद्रिय कचरा ऑक्सिजनविना कुजतो, तेव्हा निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. या वायूवर एका विद्यापीठाची वीज चालू शकते, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने २००९ पासून दाखवून दिले आहे. त्याच राज्यातील रॉचेस्टरच्या कचराभूमीतील वायू शुद्ध करून सुमारे २० किलोमीटरच्या वाहिनीने डरहॅम गावातील विद्यापीठाच्या परिसरात आणला जातो आणि त्यापासून वीज व उष्णता दोन्ही मिळवली जातात. मात्र अशा प्रकल्पात वीज कमी पडू लागली की सगळे इंजिनघराकडे धावतात, आणि दोष बहुधा वायुविहिरींमध्ये, म्हणजे वायू काढण्यासाठी कचऱ्यात खोदलेल्या विहिरींमध्ये दडलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वीज वाढवण्यासाठी ब्लोअरची, म्हणजे विहिरींतून वायू ओढणाऱ्या पंख्याची, खेच वाढवणे. सुरुवातीला प्रवाहमापकावरचा आकडा वाढतो आणि उपाय लागू पडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मातीच्या आच्छादनातून हवा आत ओढली जाते, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ऑक्सिजनमुळे निकामी होतात, कचरा तापू लागतो आणि क्वचित ढिगाच्या पोटात आग लागते. म्हणून नुसत्या प्रवाहावर विसंबू नये. प्रवाह आणि मिथेनचे प्रमाण यांचा गुणाकार पाहावा, कारण इंजिनाला मिळणारी ऊर्जा त्यावरच ठरते. तापमानात अचानक वाढ झाली आणि सोबत आतल्या आगीची खूण असलेला कार्बन मोनॉक्साइडही आढळला, तर त्या विहिरीची खेच थांबवून ताबडतोब तपासणी करावी.

हवा नेमकी कोठून येते हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे, आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष मला फार खटकते. बाहेरच्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण जवळजवळ चारास एक असते. विहिरीतल्या वायूच्या नमुन्यातही तेच प्रमाण दिसले, तर हवा तडकलेल्या नळीतून, सैल जोडातून किंवा नमुना घेण्याच्या नळीतूनच शिरली आहे असे समजावे. नायट्रोजन भरपूर पण ऑक्सिजन नगण्य असेल, तर ती हवा कचऱ्यातून आली आहे आणि तिच्यातील ऑक्सिजन वाटेतच खर्ची पडला आहे. पहिल्या स्थितीत जोड दुरुस्त करावा लागतो, तर दुसऱ्या स्थितीत विहिरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून आच्छादन नीट करावे लागते. निदान चुकले तर चांगल्या विहिरीचा व्हॉल्व्ह विनाकारण आवळला जातो.

मिथेनचे प्रमाण उत्तम आहे, पण प्रवाहच नाही, अशा विहिरीत बहुधा कचऱ्यातून झिरपलेले पाणी साचलेले असते. आधी पाण्याची पातळी मोजावी आणि उपसा करावा. वाहिनीतही वायू थंड होऊन पाणी सुटते. कचरा असमान खचल्यामुळे नळीला झोळ पडला की ते तेथे साठते आणि दाब सतत वरखाली होतो. त्यामुळे उतार आणि निचऱ्याची व्यवस्था वारंवार तपासावी लागते.

इंजिनाचे खरे शत्रू दोन आहेत. हायड्रोजन सल्फाइड धातू गंजवतो आणि वंगण तेल आम्लयुक्त करतो. शाम्पू व सौंदर्यप्रसाधनांतून कचऱ्यात येणारे सिलोक्झेन (सिलिकॉनयुक्त संयुगे) जळाल्यावर त्यांची वाळूसारखी सिलिका बनते, आणि तिचा कठीण थर सिलिंडर व स्पार्क प्लगवर चढतो. ही संयुगे शोषून घेणारा कार्बन फिल्टर केवळ ठरलेल्या तारखेला बदलणे ही येथील नेहमीची चूक. वायूची चाचणी आणि वंगण तेलातील सिलिकॉनची वाढ पाहूनच तो निर्णय घ्यावा. ओलसर वायूमुळे फिल्टरची क्षमता लवकर संपते, म्हणून वायू आधी कोरडा करावा.

क्षमता ठरवताना गणिती प्रारूपात आलेला सर्वोच्च आकडा धरणेही घातक ठरते. प्रारूप सांगते ती वायूची निर्मिती. हाती लागतो तो तिचा काही भाग, आणि नवा कचरा थांबल्यावर तोही वर्षागणिक घटत जातो. १ मेगावॉट विजेसाठी ताशी सुमारे ५०० ते ५५० घनमीटर वायू लागतो, हे लक्षात घेऊन एका मोठ्या इंजिनाऐवजी अनेक लहान इंजिने घ्यावीत. शिवाय सुट्टीत विद्यापीठाची मागणी घटते, वायू मात्र अहोरात्र येत राहतो. जादा वीज ग्रिडला देण्याची सोय हवी आणि बंद काळासाठी वायू जाळणारी फ्लेअर सदैव सज्ज हवी, कारण मोकळा सोडलेला मिथेन २० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमानवाढ घडवतो.

शेवटची चूक कागदावरची आहे. भांडवल उभे करण्यासाठी अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे, म्हणजे वीज हरित असल्याचे विकता येणारे दाखले, विकण्यात गैर काही नाही, पण ती विकल्यावर त्याच विजेला आपली हरित वीज म्हणण्याचा हक्क खरेदीदाराकडे जातो. तेव्हा कोणत्या वर्षाची किती प्रमाणपत्रे विकली याची नोंद विद्यापीठाच्या ऊर्जा अहवालात स्पष्टपणे द्यावी.