मेळघाटच्या डोंगरात चाळीस माणसांचं लग्न कसं करावं

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात लग्न करायचं म्हणणाऱ्या जोडप्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच फोटो असतो: मागे धुक्यातली दरी, पुढे दोघं, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तो फोटो मिळतो. पण त्याआधी गावातल्या मोठेबाबांना समजवावं लागतं, कचेरीचे खेटे घालावे लागतात आणि घाटाखालच्या परतवाड्याहून पाण्याचे जार वर चढवावे लागतात. डोंगरावरच्या लग्नाची निम्मी तयारी खाली सपाटीवरच होते. ती झाली नाही, तर वर गेल्यावर धुकं तेवढं दिसतं.

आधी एक फरक करू. घरच्यांच्या संमतीनं केलेलं छोटं लग्न वेगळं आणि विरोध असताना पळून जाऊन केलेलं लग्न वेगळं. दुसऱ्या प्रकारात डोंगर, फोटो, जेवण हे सगळं नंतर. आधी वकील आणि सुरक्षितता. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर जोडीदार निवडायचा हक्क दोघांचा आहे. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करा आणि सुरक्षित निवाऱ्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात राज्यांना सांगितलं आहे. धोका वाटत असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढचं सगळं मात्र पहिल्या प्रकारच्या लग्नाबद्दल आहे.

पहिली पायरी: यादी, आणि यादीवरून होणारं भांडण

आपल्याकडे लग्न म्हणजे गावजेवण. साक्षगंधालाच (साखरपुड्यालाच) दोनशे माणूस होतो, तिथं चाळीस म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न ठरलेला: "अन् बाकीच्यायनं का कराव? पोराचं लगन हाय का चोरी?" या प्रश्नाला उत्तर तयार ठेवल्याशिवाय हॉल बुक करू नका.

मला दिसलेला चालणारा तोडगा असा की लग्न आणि पंगत वेगळी करायची. लग्न वर, चाळीस माणसांत. पंगत पुढच्या आठवड्यात गावात, मांडव-डीजे-स्टेजशिवाय, नुसतं जेवण. ते परवडत नसेल तर तेही नको, पण मग भावकीतल्या चार मोठ्या माणसांकडे नवरदेव-नवरीनं स्वतः जाऊन सांगावं. पत्रिका न मिळालेला माणूस वर्षभर बोलतो. घरी येऊन पाया पडलेल्या पोराला मात्र तो सहसा काही म्हणत नाही.

खर्चाच्या वादात आपल्या मातीतलाच आधार आहे. कर्ज काढून सण-लग्नं करू नका, हे गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून सांगत फिरले, आणि ते याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कापसाचे पैसे व्याजात जात असताना तीन एकर गहाण ठेवून लॉन बुक करणाऱ्या घरात हे नाव घेतलं की वाद निदान थोडा खालच्या आवाजात होतो.

यादी करताना माणसं नावानं लिहा, "मामाकडचे" असं नाही. "मामाकडचे" म्हणजे चार असतात आणि येतात अकरा.

दुसरी पायरी: जंगलात नव्हे, जंगलाच्या काठावर

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. तिथं मांडव टाकता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये आत जाण्याची परवानगी कशासाठी देता येते ते लिहिलेलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. त्यात लग्न नाही. पुढच्याच कलमांत आग लावण्याला आणि स्फोटकांच्या वापराला बंदी आहे, म्हणजे होम आणि फटाके दोन्ही गेले. ओळखीचा गार्ड "होऊन जाईल" म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका. नंतर अडचणीत तोही येतो आणि तुम्हीही.

म्हणून लग्न चिखलदऱ्यात करा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या थोडं वर असलेलं हे गाव, त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, राहायला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि खासगी हॉटेलं आहेत, आणि दरी कोणत्याही अंगणातून दिसते. जंगल दुसऱ्या दिवशी पाहुणे म्हणून बघा. सेमाडोह-कोलकासकडे सिपना नदीच्या काठी वनविभागाची निवासस्थानं आहेत. नवरदेव-नवरीला एक रात्र तिथं राहायला हरकत नाही, फक्त आरक्षण आधी हवं आणि गोंधळ बिलकूल नको.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याचाही मोह होतो. तो संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकात समारंभ, मेजवानी करायची तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. पोशाख घालून दोन-चार फोटो काढणं वेगळं, अंतरपाट धरणं वेगळं. ड्रोनवाला फोटोग्राफर असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: व्याघ्र प्रकल्पावर परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही.

तिसरी पायरी: कोणत्या कायद्यानं?

हे तारखेच्या आधी ठरवा, कारण तारीख यावरच ठरते.

धार्मिक पद्धतीनं करणार असाल तर विधी खरोखर झाले पाहिजेत. वर नुसते हार घालून फोटो काढायचे आणि खाली येऊन नोंद करायची, असं हिंदू विवाह कायद्यात चालत नाही. विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्यानं लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विधी मोठे असण्याची मात्र गरज नाही. सप्तपदीची रीत असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि हार. भंतेजी किंवा बौद्धाचार्य अर्ध्या-पाऊण तासात सगळं नीट करून देतात. सत्यशोधक पद्धतही अशीच आटोपशीर. खरं सांगायचं तर डोंगरावरच्या वाऱ्यात हे छोटे विधीच शोभतात. अकरा मंगलाष्टकं आणि प्रत्येकीला माइकवर वेगळी मावशी, हे तिथं फार लांबतं.

विशेष विवाह कायद्यानं (१९५४) करायचं असेल तर दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लागते आणि ३० दिवस हरकतींसाठी जातात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे १ डिसेंबरला नोटीस दिली तर तुमची खिडकी साधारण जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. या कायद्यात कचेरीपासून वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून, दुसऱ्या जागी लग्न लावण्याची सोय आहे. पण अमरावतीहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर घाट चढून अधिकारी येतील, या भरवशावर राहू नका. सकाळी कचेरीत तीन साक्षीदारांसमोर सह्या आणि दुसऱ्या दिवशी वर सोहळा, हे सोपं. तिन्ही साक्षीदार वेळेवर उठणारे निवडा.

जोडप्यातलं एक अनुसूचित जातीचं आणि दुसरं सवर्ण, असा आंतरजातीय विवाह असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. ५० हजारांच्या प्रोत्साहनाची योजना आहे.

चौथी पायरी: तारीख

जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार सोडा. अख्खा विदर्भ तेव्हा चिखलदऱ्यात असतो, घाटात गाड्यांची रांग लागते आणि तुमचं वऱ्हाड तासन्तास वळणावर उभं राहतं. चातुर्मासात मुहूर्त नसतो म्हणून घरचेही तयार होत नाहीत.

मे महिन्यात अकोला-अमरावती भाजून निघत असताना वर हवा बरी असते. पण पाऊस भरपूर पडूनही या डोंगरात पाणी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात आसपासच्या गावांना टँकर लागतात. त्या दिवसांत चाळीस पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी मागायचं, हे मला पटत नाही.

उरतो तुळशीच्या लग्नानंतरचा काळ ते फाल्गुन. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा लग्न सकाळी अकराला लावा. पौष मानत नसाल तर फारच छान, त्या महिन्यात आचारी, बिछायतवाला आणि फोटोग्राफर तिघंही रिकामे असतात. नाताळचा आठवडा तेवढा टाळा. आणि वार मधला घ्या, मंगळवार ते गुरुवार. मात्र सफारी करायची असेल तर गेट कोणत्या वारी बंद असतं ते विचारून घ्या.

पाचवी पायरी: जागा बघायला जाताना

ज्या वेळी लग्न लागणार त्याच वेळी जा. ऊन कुठून येतं आणि वारा किती लागतो हे फोनवर कळत नाही. कड्याकडच्या बाजूला कठडा आहे का ते बघा, कारण लहान मुलं असणार. वीज गेली तर जनरेटर आहे का? अंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि म्हाताऱ्या माणसांना खोलीपासून मांडवापर्यंत किती पायऱ्या? आजी वरच्या मजल्यावर अडकली तर चाळीस माणसांत ती लगेच दिसते.

मांडव म्हणाल तर कापडी छत पुरतं. वाऱ्याला उंच कमान टिकत नाही. डीजे नकोच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि इथं तर दहाच्या आधीही कशाला हवा? एक सनई, एक संबळ पुरे. इथल्या कोरकू आदिवासींच्या गावातून नाच मागवायची टूम हल्ली निघाली आहे. पाहुण्यांच्या मागे शोभेला म्हणून उभं करायचं असेल तर मागवू नका. त्यांना बोलवायचं तर पंगतीला बसवून, ठरलेली बिदागी हातात देऊन.

सहावी पायरी: जेवण

इथं हात आखडू नका. माणसं कमी केली म्हणून नाराज असलेले सोयरे जेवणावर खूश होतात.

बेत वऱ्हाडीच ठेवा: डाळभाजी, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, कढी, पाटवडी, बुंदी. पनीरच्या तीन भाज्या आणि चायनीजचा काउंटर खालीच राहू द्या. पन्नास पानांसाठी (चाळीस पाहुणे, शिवाय चालक, वाढपी, फोटोग्राफर, यांना लोक हमखास विसरतात) ढोबळ हिशेब असा: तांदूळ ५ किलो, कणीक ८ किलो, तूरडाळ वरण आणि डाळभाजी मिळून साडेतीन किलो, वांगी ६ किलो, पालक १५ जुड्या. आचारी परतवाड्याचा किंवा चिखलदऱ्याचाच घ्या. खालून मोठा आचारी नेला की तो आपली भांडी, आपली माणसं आणि आपली गाडी तिन्हीचे पैसे लावतो.

डाळभाजीला वरून लसणाची फोडणी पंगत बसल्यावरच द्यायला सांगा. थंडीत ती दहा मिनिटांत गार होते आणि तेलाचा थर धरते. त्याच कारणानं पोळ्या आधी लाटून डब्यात भरू नयेत, तवा पंगतीजवळच हवा.

गोडात बाहेरून काही मागवायचं तर चिखलदऱ्याची रबडी मागवा. जेवणानंतर कॉफी द्या. महाराष्ट्रात कॉफी पिकणाऱ्या मोजक्या जागांत चिखलदरा आहे, आणि पाहुण्यांना हे सांगितलं की ते दुसरा कप घेतात.

पत्रावळी पळसाच्या. थर्मोकोल आणि एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, पण इथं उष्टं प्लास्टिक दरीत उडालं की ते खायला येणारे प्राणी वेगळे असतात. अक्षतांनाही मी फुलांच्या पाकळ्या सुचवेन, तांदूळ सांडले की माकडं मांडवात शिरतात. ओला-सुका कचरा पोत्यात भरून परतीच्या गाडीत खाली आणायचा. या कामाला नावानं माणूस नेमा.

सातवी पायरी: घाट

परतवाड्याहून वर जायला घटांगवरून आणि धामणगाव गढीवरून असे दोन रस्ते आहेत. दोन्हींवर वळणं आहेत, तेव्हा मोठ्या लक्झरीपेक्षा तीन लहान गाड्या बऱ्या. पेट्रोल, एटीएम, औषधं सगळं परतवाड्यातच उरका. वळणांनी मळमळणारे पुढच्या सीटवर, आणि घाटाआधी कोणालाही पोटभर आलूपोंगे खाऊ देऊ नका. अंधार पडण्याआधी वर पोचा. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री जनावरं असतात आणि नाक्यांच्या वेळाही असतात. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून वेळापत्रक व्हॉट्सॲपवर टाकून थांबू नका. कागदावर छापून प्रत्येक चालकाच्या हातात द्या.

आठवी पायरी: नोंद

धार्मिक पद्धतीनं लग्न झालं असेल तर महाराष्ट्रात ते ९० दिवसांच्या आत नोंदवायचं असतं. गावात हे काम ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपरिषदेकडे. लग्न एका हद्दीत आणि राहणं दुसऱ्या, अशा वेळी अर्ज कुठे घेतील हे लग्नाआधीच विचारून ठेवा. अर्जावर दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. म्हणून कोरा अर्ज वर घेऊन जा आणि गुरुजी किंवा भंतेजी जेवायला बसण्याआधी त्यांची सही घ्या. एकदा ते उतरले की त्यांना पुन्हा गाठायला दोन आठवडे जातात.

लग्नपत्रिका मागतात, तेव्हा पाहुणे चाळीस असले तरी थोड्या पत्रिका छापाच. विधी चालू असतानाचा, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक साधा फोटोही हवा; धुक्यातला पाठमोरा फोटो खिडकीवरचा बाबू परत करतो. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नावं आधारशी जुळतात का आणि तारीख बरोबर आहे का ते वाचून घ्या.