ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायला घेण्याआधी

डिझेलवाल्यांनी इथंच थांबावं. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटतं आणि टर्बोनं ढकललेली हवा पाइपात कोंडते. ती सोडून देतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजेच बीओव्ही. डिझेलमध्ये तसं कोंडत नाही, म्हणून 'डिझेल बीओव्ही' म्हणून विकतात तो नुसता आवाजाचा डबा.

पेट्रोल टर्बो असेल तर बॉनेट उघडून मूळचा व्हॉल्व्ह बघा. त्याला विजेचा प्लग असेल तर तो ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हुकमावर चालतो; व्हॅक्यूमवरचा साधा किट तिथं चालत नाही. त्याच मॉडेलचा मागवा.

मग मॅफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा. तो असेल तर हवा बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह नको, परत इनटेकमध्ये सोडणारा घ्या. मोजून झालेली हवा बाहेर गेली तरी ईसीयू तिच्या हिशोबानं पेट्रोल टाकतच राहतो, आणि क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी झटके खाऊन बंद पडते. नुसता मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, असेल तर हा त्रास फारसा नाही. पण तिथंही बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिटलेलाच पाहिजे. उघडा राहिला तर फिल्टरला टांग मारून धूळ सरळ आत जाते, आणि आपल्याकडचा मे महिन्यातला फुफाटा काय असतो ते सांगायला नको.

आता व्हॅक्यूमची नळी. सगळं इथंच अडतं. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची ही बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डवरूनच आली पाहिजे, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडून. टर्बोवरून वेस्टगेटला, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेला, जाणारी नळी हाताला जवळ लागते म्हणून तिथं टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारू नका. तिथं व्हॅक्यूम कधीच येत नाही, व्हॉल्व्ह उघडत नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीला तर हातच लावू नका. नळी जाड भिंतीची सिलिकॉनची, निपलच्या मापाची, जमेल तेवढी आखूड.

आणि क्लिपा! किटमध्ये मीटरभर नळी येते, क्लिपा बहुतेक येत नाहीत. टीची तीन तोंडं आणि व्हॉल्व्हचं निपल, अशा चार लागतात, सहा आणा. 'घट्ट बसलीय, राहू दे' हे चालत नाही. मॅनिफोल्डमध्ये बूस्टही, म्हणजे टर्बोचा दाबही, येतो, तोच नळी उडवतो. नळी निघाली की व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा दाब जातो, बूस्ट खालून व्हॉल्व्ह उघडतो आणि पिकअप संपतो. वर आयडल वरखाली नाचतं. माणूस मग स्प्रिंग, प्लग, सेन्सर सगळं तपासतो, नळी सोडून. झिपटायवरही भागवू नका, इंजिनच्या उष्णतेनं तो कडक होऊन तुटतो. स्प्रिंगची क्लिप किंवा बारीक स्क्रूची. क्लिपा आणल्या का? आधी मोजा, मग पाना उचला.

बाकी सामान: दहा नंबरचा पाना, पाइपासाठी टी-बोल्ट क्लॅम्प, ओ-रिंग आणि तिला बोटभर सिलिकॉन ग्रीस. फ्लँज, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ती बोल्टची पट्टी, जुळत नसेल तर अडॅप्टर वाळूजला एखाद्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियममध्ये आधीच करून घ्या. गाडी उघडून ठेवून त्याच्या मागं फिरू नका. भोक पाडायचं असेल तर पाइप काढूनच पाडा, कीस आत राहिला तर इंजिनात जातो.

इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. अ‍ॅल्युमिनियममधले एम-6 बोल्ट 8 ते 10 न्यूटन-मीटर, त्यापुढं आटे जातात.

हातपंप मिळाला तर नळीवर व्हॅक्यूम धरून व्हॉल्व्हमधला पिस्टन उचलतो का बघा. चालू करून आयडलला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारू नका, तिथं हवा आत ओढली जाते, फेस दिसत नाही. टर्बोचं तोंड बंद करून कंप्रेसरनं जेमतेम अर्धा बार हवा भरा, मग मारा. क्लिपांवर आधी.

फडफड आली तर स्प्रिंग अर्धा आटा सैल, आयडलला उघडा राहिला तर अर्धा घट्ट. वॉरंटीतल्या गाडीचा विचार आधी करा. शंभर किलोमीटरनंतर क्लिपा परत बघा. जुना व्हॉल्व्ह फेकू नका.