मॅच मध्येच तुटली तर आधी परत आत शिरा

नेट गेलं की बरेच जण चिडून गेमच बंद करतात, आणि काही काळ खेळू न देणारी बंदी ओढवते ती तिथेच. सर्व्हरला तुमची लाइन गेली की तुम्ही पळालात, हे कळत नाही. तो फक्त तुम्ही किती वेळ बाहेर आहात ते मोजतो. डोटा २ मध्ये ५ मिनिटांहून जास्त बाहेर राहिलात की मॅच सोडल्याची नोंद होते, आणि अशा नोंदी साचल्या की लो प्रायॉरिटीच्या, म्हणजे शिक्षेच्या, रांगेत ठरावीक मॅच जिंकेपर्यंत सुटका नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदी ३० मिनिटांपासून चढत २ तास, २४ तास, ७ दिवसांवर जाते. म्हणून आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि रीकनेक्ट दाबा. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) वाईट असलं तरी चालेल, टीमला चौघांत खेळायला लावू नका.

बंदीचा वेळ मग दुरुस्तीला वापरा. विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा: एकीत ping कमांड राऊटरला (बऱ्याच घरी १९२.१६८.१.१), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. दोन्हींत शेवटी -t लावा, म्हणजे तपासणी चालूच राहते. राऊटरचाच आकडा १-२ मिलिसेकंदांवरून शंभरावर उडत असेल तर दोष वायफायचा. सरळ लॅन केबल टाका. राऊटर स्थिर आणि फक्त दुसरी खिडकी अडखळत असेल तर आधी घरात कुणाच्या फोनचे फोटो बॅकअपला चढतायत का बघा, कारण अपलोड भरलं की पिंग हमखास उसळतं. तेही नसेल तर त्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढून नेटवाल्याला पाठवा. नुसत्या ‘गेम लॅग होतो’ला कुणी दाद देत नाही.