आधी गल्लीतलं गल्लीत, मग नगरपरिषदेत

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. ज्वारीचा डबा ठेवला की दळण होईपर्यंत बाया बसतात आणि बोलतात. नळाला पाणी कधी आलं, नाली कुठं तुंबली, कोणत्या खांबावरचा दिवा गेला, सगळं माझ्या कानावर पडतं. त्याच बोलण्यातून आमची गल्ली एकत्र आली आणि पाण्याचा प्रश्न बऱ्यापैकी मार्गी लागला. तुमचा प्रश्न नालीचा असेल, घंटागाडीचा असेल, दिव्याचा असेल. जायची वाट साधारण हीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. निवेदन घेऊन नगरपरिषदेत पळायची घाई करू नका. गल्लीच्या बहुतेक प्रश्नांत थोडा दोष कार्यालयाचा असतो आणि थोडा आपल्याच दारात असतो. नाली तुंबते तेव्हा तिच्यावर कुणीतरी ओटा बांधलेला असतो. पाणी शेवटच्या घरापर्यंत जात नाही तेव्हा मधल्या घरांनी नळाला मोटार लावलेली असते. दारातलं आधी मिटवलं नाही तर साहेबांचं पहिलंच वाक्य येतं, "तुमच्याच गल्लीत मोटारी चालू आहेत की." तिथं सगळं शिष्टमंडळ गप्प होतं.

पहिली बैठक

बैठक कुणाच्या घरात घेऊ नका. घरात बोलावलं की कोण आत येतं, कोण दारातूनच जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. मंदिराच्या पारावर आपा आणि चाचा मोकळे बसत नाहीत, मशिदीजवळ दुसरे बसत नाहीत. शाळेचा व्हरांडा, रिकामा प्लॉट, गिरणीसमोरची जागा, असं काहीतरी बघा. वेळ रात्री जेवणानंतरची ठेवा, आणि पाणी यायच्या दिवशी मुळीच ठेवू नका.

बाया आल्याच पाहिजेत. पाणी किती वाजता आलं, किती हंडे भरले, शेवटी गढूळ आलं का, हे त्यांनाच नीट ठाऊक असतं. भाडेकरूंनाही बोलवा. घरमालक लातूरला किंवा पुण्याला राहतो, नाली मात्र भाडेकरूच्या दारात तुंबते.

पहिल्या बैठकीत दहा प्रश्न निघतील. कुत्री, गतिरोधक, डीपीचा जाळ, कचरा, पाणी. सगळे लिहून घ्या, म्हणजे कुणाला आपलं ऐकलं नाही असं वाटणार नाही. पण हातात एकच घ्या. जो जास्तीत जास्त घरांना रोज टोचतो आणि सुटला की डोळ्यांना दिसतो, तो. दहा मागण्यांचं निवेदन दहा टेबलांवर फिरतं आणि एकाही टेबलावर थांबत नाही.

महिनाभर नोंद ठेवा

"पाणी येतच नाही" या वाक्यावर कुणी काही करत नाही. आम्ही प्रत्येक घराला सांगितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी आलं ती वेळ आणि गेलं ती वेळ लिहायची. जोडीला एक मोजमाप. पंधरा लिटरची बादली नळाखाली धरा आणि मोबाईलवर बघा किती वेळात भरते. एका मिनिटात भरली तर तासाला 900 लिटर. चार मिनिटं लागली तर 225. हे पोरं आवडीनं करतात.

मग हिशोब मांडा. भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी केंद्राच्या 1999 च्या नियमावलीत माणशी रोज 70 लिटर पाणी धरलेलं होतं. त्या हिशोबानं पाच माणसांच्या घराला दर आठ दिवसांनी पाणी येत असेल तर एका वेळी 2800 लिटर मिळायला हवं. शेवटच्या घराला दोन बॅरल मिळत असतील तर कमी किती पडतं, ते आकडाच सांगतो.

शाळेत शिकवणाऱ्या एका सरांनी या नोंदींवरून कागदावर गल्लीचा नकाशा काढला. प्रत्येक घरापुढे मिनिटं आणि लिटर. तो कागद मी गिरणीच्या भिंतीवर चिकटवला. पुढच्या घराला काय मिळतं आणि शेवटच्या घराला काय, हे सगळ्यांनी एकाच कागदावर बघितलं आणि गल्लीतलं बोलणं बदललं.

मोटारीचं काय करायचं

हे सगळ्यात अवघड काम आहे, इथंच गल्ल्या फुटतात. मोटार लावणारा माणूस वाईट नसतो. शेजारी लावतो म्हणून तो लावतो, नाही लावली तर त्याच्याही टाकीत थेंब पडत नाही. म्हणून कुणाचं नाव घेऊन, ग्रुपवर फोटो टाकून काही होणार नाही. तो दार लावून घेईल आणि मोटार रात्री चालवील.

त्याला एक गोष्ट समजावून सांगा. पाइपलाइनमध्ये दाब असतो तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं. मोटार ओढायला लागली की दाब पडतो आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरचं पाणी आत येतं. आपल्याकडे नळाची जोडणी कितीतरी ठिकाणी नालीतूनच गेलेली असते. म्हणजे मोटार नालीचं पाणीही ओढते आणि ते सगळ्यांच्या नळात जातं, मोटारवाल्याच्या नातवंडांच्या पेल्यातसुद्धा. हे मी एकेका घरी जाऊन, एकेका काकूला सांगितलं. पावसाळ्यात पोरांना जुलाब का लागतात, हे आया लगेच समजतात.

दुसरं, त्याची अडचण सोडवा. त्याला पाणी वरच्या टाकीत चढवायचं असतं. त्यासाठी नळाला मोटार लागत नाही. नळाचं पाणी आपसूक जमिनीतल्या हौदात पडू द्यायचं, आणि नळ गेल्यावर हौदातून मोटारीनं वर चढवायचं. हौद नसेल तर नळाखाली दोनशे लिटरचे ड्रम ठेवून तेच करता येतं.

तिसरं, सगळ्यांनी कबूल केलेला एक दिवस ठरवा. त्या पाळीला गल्लीत एकही मोटार लागणार नाही आणि प्रत्येक घर बादली लावून मोजेल. एका पाळीपुरतं म्हटलं की लोक तयार होतात. आमच्याकडे त्या दिवशी मधल्या घरांचं पाणी थोडं कमी झालं आणि शेवटून दुसऱ्या घरातल्या मावशींना नळाखाली हंडा भरता आला. त्या स्वतः गल्लीभर सांगत फिरल्या. पुढच्या पाळीला कुणाला विनवावं लागलं नाही.

याच सुमारास तोट्याही बसवून घ्या. आपल्याकडे अर्ध्या नळांना तोटीच नसते, भांडी भरली की पाणी नालीत. ज्याला परवडत नाही त्याची तोटी शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी. खर्च फार नाही.

या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच, "लोकांनी करून काय होतंय, धरणातच पाणी नाही." तेव्हा 2016 आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ काढायचं काम उभं केलं. व्यापारी, डॉक्टर, मजूर, सगळ्यांनी दिलं. ते आपल्याच जिल्ह्यातले लोक होते.

काम कुणाचं ते आधी काढा

खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा. डीपीतून ठिणग्या पडत असतील तर 1912 वर फोन लावून तक्रार क्रमांक लिहून घ्या. दिव्यासाठी तिथं फोन करून उपयोग नाही. गावातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्गवाल्यांचा असतो, त्याच्या कडेची नालीही त्यांचीच. पाण्याची योजना जीवन प्राधिकरणाकडून अजून नगरपरिषदेच्या ताब्यात आलेली नसेल तर दोन्हीकडे अर्ज द्यावा लागतो. तुमची वस्ती नवीन प्लॉटिंगमधली असेल तर लेआउट मंजूर आहे का, हे आधी बघा. गुंठेवारीतले प्लॉट 2001 च्या कायद्याखाली नियमित करून घेतलेले नसतील तर कामाला नकार द्यायला तेच कारण पुढं येतं.

निवेदन

एक पान. जाड शब्द नकोत, दुर्लक्ष, निष्काळजीपणा, आंदोलनाचा इशारा, काही नको. आमचं असं होतं :

*प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय : गल्लीतील शेवटच्या घरांना नळाचे पुरेसे पाणी मिळत नसल्याबाबत. महोदय, सर्व घरांनी एक महिना पाण्याच्या वेळेची व मापाची नोंद ठेवली आहे, ती नकाशासह सोबत जोडली आहे. गल्लीतील सर्व मोटारी आम्ही स्वतः काढल्या असून नळांना तोट्या बसवल्या आहेत. तरीही शेवटच्या घरांना पुरेसे पाणी पोहोचत नाही. मुख्य वाहिनीपासून गल्लीच्या शेवटापर्यंत स्थळपाहणी करावी व पाहणीची तारीख आम्हास कळवावी. पाहणीवेळी आम्ही हजर राहू.*

मागणी एकच, पाहणीची. "पाणी द्या" याला "बघू" असं उत्तर येतं. तारीख मागितली की तारीख द्यावी लागते. आणि "मोटारी आम्ही स्वतः काढल्या" हे वाक्य वाचून साहेबांनी मान वर केली.

सह्यांपुढे नाव, मालमत्ता क्रमांक आणि नळजोडणी क्रमांक लिहा. नळपट्टी थकली असेल तर आधी भरा, जमेल तेवढी तरी. निवेदन दोन प्रतींत न्या. एक आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा. साहेबांच्या हातात दिलं तरी आवकला नोंद करूनच घरी या.

चार-पाच जणच जा. त्यात शेवटच्या घरातली एक बाई हवी. बोलणारा एकच, बाकीच्यांनी विचारलं तर बोलायचं. नगरसेवकाला आधी कळवा, त्यालाही एक प्रत द्या, पण पुढचा पाठपुरावा त्याच्यावर टाकून मोकळं होऊ नका. 2022 नंतर किती नगरपालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळातही पोच असलेल्या कागदाला उत्तर मागता येत होतं.

पाठपुरावा

पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी नीट वागा. वेळापत्रक तो ठरवत नाही, शिव्या मात्र तोच खातो. आमचा प्रश्न सुटला तो त्यांच्यामुळेच. पाहणीच्या दिवशी अभियंता साहेब नकाशा बघत होते, तेवढ्यात पाणी सोडणारे आमचे कर्मचारी म्हणाले, "इथं एक व्हॉल्व्ह होता, रस्ता केला तेव्हा दबला." डांबराखाली व्हॉल्व्ह निघाला, अर्धवट बंद. पुढच्या जोडणीत गाळही होता. जुन्या पाइपलाइनचा नकाशा पुष्कळदा कागदावर नसतो, अशा माणसांच्या डोक्यात असतो.

पाहणीच झाली नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या, जुना आवक क्रमांक टाकून. तरी काही नाही, तर माहितीचा अधिकार. अर्ज जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा : आमच्या या आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत. उत्तर 30 दिवसांत यावं लागतं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. त्यापुढचं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथं तक्रार वैयक्तिक लागते, गल्लीचं सामुदायिक निवेदन घेत नाहीत. म्हणून ज्यांना पाणी मिळत नाही त्यांनी आपापल्या घराचा वेगळा अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा.

काम सुरू झाल्यावर

आता झोपू नका. अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश मागून घ्या, म्हणजे कोणता पाइप किती खोल टाकायचा ते कळतं. रोज एक माणूस चरापाशी थांबावा आणि बुजवायच्या आधी फोटो काढावा. नवीन जोडणी नालीतून जाऊ देऊ नका, यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. दोषदायित्व कालावधी किती आहे ते विचारून ठेवा, त्या मुदतीत फुटलं तर ठेकेदारानं फुकट दुरुस्त करायचं असतं.

पाणी सुरू झाल्यावर शेवटच्या नळाची ओटी टेस्ट करून मागा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचलंय.

पैशांचं थोडक्यात. लागल्याशिवाय वर्गणी काढू नका. काढली तर दोघांच्या सहीनं खर्च करा आणि हिशोब भिंतीवर लावा. मंडळ नोंदवायचा सल्ला पुष्कळ जण देतील. सात जण मिळून धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, पण पुढं दरवर्षी हिशोब-तपासणी मागं लागते आणि अध्यक्ष कोण यावरून वाद होतात. एका गल्लीला त्याची गरज नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवा, त्यात पाण्याची वेळ आणि बैठकीची वेळ एवढंच. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी आमची गिरणीची भिंत आहे, तुमच्याकडे किराणा दुकान असेल.

आम्हाला पाणी आता चार दिवसांआड येतं. म्हणजे ड्रम आणि हौद घरोघर आहेतच, आणि डेंगीचा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. आमचा कोरडा दिवस शुक्रवार आहे. हौद रिकामा करणं जमत नाही त्यांनी त्यावर झाकण किंवा जाळी बसवावी.

पुढचा प्रश्न आम्ही नालीचा धरलाय. 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसात वरच्या अंगाच्या घरांत पाणी शिरलं होतं. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमाराला सभेपुढे येतं, म्हणून नालीचा अर्ज डिसेंबरातच आवकला पडला पाहिजे. त्याआधी नालीवर आलेले ओटे मोजायचे आहेत. पहिला ओटा माझ्या गिरणीचा आहे, तो दिवाळीनंतर काढतेय.