घरात बाळ येणार आणि मांजर आधीपासून आहे, मग काय काय करायचं

गोड बातमी कळली की पाठोपाठ सल्ला येतोच, "आता ते मांजर कुणाला तरी देऊन टाका". द्यायची काही गरज नसते हो, फक्त तयारी सातव्या महिन्याच्या आत सुरू करा. मांजराला एका दिवसात सगळं घर बदललेलं अजिबात खपत नाही, आपण त्याला जळकं म्हणतो पण ते बिचारं गोंधळलेलं असतं.

आधी टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणारा आणि पोटातल्या बाळाला त्रासदायक ठरू शकणारा जंतू, कारण सगळ्यात जास्त घाबरवतात ते याचंच नाव घेऊन. मांजराच्या शीमधून पडलेले हे जंतू लगेच लागण करत नाहीत, त्याला निदान 1 दिवस तरी जावा लागतो, म्हणून लिटर (मांजराच्या शी-शूची वाळू) रोजच्या रोज साफ व्हायला हवं आणि ते काम नवऱ्याने करायचं, सरळ आहे. कोणीच नसेल तर ग्लोव्हज घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. मांजराला कच्चं चिकन-मटण बंद, आणि आपणही अर्धकच्चं खायचं नाही. याच काळात व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) जाऊन रेबीजची लस, जंताचं औषध आणि नसबंदी राहिली असेल तर तीही उरकून टाका, नंतर कोणाला वेळ मिळतोय!

बेडरूममध्ये पुढे मांजर नको असेल तर आत्ताच बंद करा, बाळ आल्यावर नको. लिटर बॉक्स हलवायचा असेल तर रोज थोडा थोडा सरकवा. यूट्यूबवर बाळाच्या रडण्याचे आवाज मिळतात, ते अगदी बारीक आवाजात लावून सोबत आवडीचा खाऊ द्यायचा आणि हळूहळू आवाज वाढवायचा. मांजर कान पाडून पळालं तर तुम्ही घाई केलीत, परत कमी करा.

पाळणा किंवा झोळी टांगली की त्याचं पहिलं उद्घाटन मांजरच करणार हे धरून चाला. बाळ यायच्या आधीच टांगा आणि आत ॲल्युमिनियम फॉइल अंथरून ठेवा, पायाखाली चुरचुरतं ते बहुतेक मांजरांना आवडत नाही. त्याला उंचावर हक्काची जागा द्या, कपाटावर जुनी गोधडी टाकली तरी पुष्कळ.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळ येतं ते थेट दोन-तीन महिन्यांचं होऊन, आणि मांजराला तोवर वासही माहीत नसतो. मग बाळाचं वापरलेलं, न धुतलेलं दुपटं आधी मागवून घ्या आणि मांजराच्या वाटीपासून जरा लांब ठेवा, नाकाला नेऊन घासू नका. बाळ घरी येतं त्या दिवशी भाकरतुकडा ओवाळायला सगळी गर्दी दारात, त्या वेळी मांजर आतल्या खोलीत बंद. पाहुणे गेले की आईने आधी रिकाम्या हाताने जाऊन त्याला भेटायचं, बाळाची ओळख नंतर.

मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं हे खोटं. पण ते उबेला तोंडाजवळ जाऊन बसू शकतं आणि तान्ह्या बाळाला नीट मान वळवून बाजूला होता येत नाही, म्हणून झोपलेल्या बाळाजवळ एकटं सोडायचंच नाही. छत्रीसारखी बाळाची मच्छरदाणी असते ना, तिच्यावर भरवसा नको, मांजर तिच्यावर चढलं की सगळी बसते खाली. आणि ती पाळण्याला बांधलेली कापूर-ओव्याची पुरचुंडी काढा, कापूर आणि निलगिरीचं तेल मांजराला विषारी आहे आणि कापूर पोटात गेला तर बाळालाही. (आजीशी वाद होईल, होऊ दे.)

मांजर बाळाच्या कपड्यांवर मुतायला लागलं तर ओरडू नका, अजून एक लिटर बॉक्स ठेवा. पण बोका सारखा जोर करतोय आणि लघवी होतच नाहीये असं दिसलं तर त्याच दिवशी व्हेट, थांबायचं नाही, जिवावर बेततं. बाळाला ओरखडा आला किंवा चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवून लगेच डॉक्टर, हळद-बिळद चेपू नका.

मग बाळ रांगायला लागतं आणि पारडं फिरतं, शेपूट ओढणारं बाळ आणि पळणारं मांजर. तेव्हा लिटर आणि खाण्याची वाटी बेबी गेटच्या पलीकडे न्या, नाहीतर एक दिवस कॅट फूडचे दाणे बाळाच्या गालात सापडतील.