सोसायटीच्या गच्चीवर स्वतःच्या मालकीचं सोलर कसं बसवावं

मी सांगलीतल्या 24 फ्लॅटच्या एका सोसायटीची खजिनदार आहे. आमचं सोलर बघून आसपासच्या सोसायट्यांमधून विचारणा होते, आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: पॅनेल कुठल्या कंपनीचं घेतलं? मी म्हणते, ते नंतर. प्रकल्प कोणाच्या नावावर असणार, हे आधी ठरवा.

एक रुपयाही न घेता सोलर बसवून देणारे वेंडर तुमच्याकडेही येतील. त्यात प्रकल्प त्यांचा, गच्ची तुमची, आणि तुम्ही 15 ते 25 वर्षं युनिटमागे ठरलेला दर त्यांना द्यायचा. कर्जही मिळत नसेल तर हा मार्ग वाईट नाही. पण बचतीतला मोठा वाटा दरमहा गावाबाहेर जातो. मला तो इथेच राहायला हवा होता, म्हणून मी मालकीचाच आग्रह धरला.

सुरुवात बिलांपासून करा. कॉमन मीटरची 12 महिन्यांची बिलं काढा: लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. एकूण रकमेला युनिटांनी भागून मोकळे होऊ नका, कारण स्थिर आकार सोलरनंतरही भरावाच लागतो. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क एवढंच धरा. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या पुढे चढत जातो. सोलरमुळे युनिट घटले की सर्वांत महाग टप्पा आधी सुटतो, त्यामुळे खरी बचत सरासरी दरापेक्षा जास्त निघते.

मग गच्ची. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटांच्या आसपास वीज मिळते. टाकीची आणि लिफ्टरूमची सावली डिसेंबरात तपासा. तेव्हा ती सर्वांत लांब पडते. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. स्ट्रक्चर एकदा उभं राहिलं की ते काम फार अवघड होतं.

आता आकडे मांडू. समजा 10 किलोवॅटचा खर्च 6 लाख आला. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 1 लाख 80 हजार परत. उरले 4 लाख 20 हजार. वर्षाला 13,000 युनिट आणि युनिटला 10 रुपये धरले तर बचत 1 लाख 30 हजार. सव्वातीन वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेलची कामगिरीची वॉरंटी साधारण 25 वर्षांची असते. अनुदानासाठी देशातच बनवलेल्या सेलचं, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतं; कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

पैशासाठी सिंकिंग फंडाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो. सभासदांची वर्गणी आणि गावातल्या सहकारी बँकेचं कर्ज, असं जमवा. व्याजसुद्धा गावातच फिरतं. स्ट्रक्चरचं काम इथल्याच फॅब्रिकेटरला मिळेल का, हेही वेंडरला विचारा.

सभेत 'आपण काय वीज विकणारे आहोत का?' असं कोणीतरी म्हणणारच. त्यांना गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं धुंडी सांगा. तिथल्या शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि सिंचनाला लागून उरलेली वीज 25 वर्षांच्या कराराने वीज कंपनीला 4 रुपये 63 पैसे दराने विकायला सुरुवात केली. पंप विनाकारण चालू ठेवण्यापेक्षा वीज विकणं त्यांना परवडू लागलं. सहकार तर आपल्या सांगलीच्या अंगवळणी पडलेला आहे.

त्याच सभेत एक गोष्ट स्पष्ट सांगा: बॅटरी नसलेलं, ग्रिडला म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं. नंतर लिफ्ट अडकल्यावर हे कळलं तर माणसं चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. वाचलेल्या पैशाचं काय करायचं, मेंटेनन्स कमी करायचा की रंगकामाला ठेवायचा, याचाही ठराव तेव्हाच करा.

नेट मीटरमुळे ग्रिडला दिलेले युनिट तुमच्या बिलातून वजा होतात. टीओडी मीटर, म्हणजे दिवसातल्या वेळेनुसार वेगळा दर लावणारं मीटर असेल तर दिवसाचे युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होतात, ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. काहीही असो, पाण्याचे पंप दुपारीच चालवा.

पॅनेल सकाळी, तापायच्या आत धुवायचे. बोअरचं जड पाणी नको, पांढरे डाग राहतात. आमच्याकडे हे काम वॉचमनदादा जादा मोबदला घेऊन करतात. दर महिन्याचे युनिट सूचनाफलकावर लावा. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा आकडा बराच खाली दिसला तर आधी धूळ बघा, मग नव्याने वाढलेल्या झाडाची सावली, आणि तरीही कारण सापडलं नाही तर वेंडरला लेखी कळवा.