संघराज्याचा अभ्यास: फलाटावर उलगडलेली सातवी अनुसूची

राज्यसेवा परीक्षेच्या तयारीच्या पहिल्या वर्षी मी राज्यघटनेतील अनुच्छेद पाढ्यांसारखे घोकले होते. तरीही एका सराव परीक्षेत, धावत्या गाडीतील चोरीचा तपास कोणाचा, या प्रश्नाला मी ‘केंद्राचा, कारण रेल्वे संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, आहे’ असे ठाम उत्तर लिहिले. ते चुकले. त्यानंतर गावी जाताना फलाटावर मला दोन पाट्या दिसल्या, एक रेल्वे सुरक्षा दलाची आणि दुसरी लोहमार्ग पोलिसांची. पहिले दल केंद्राचे, दुसरे महाराष्ट्र पोलिसांचे, आणि प्रवाशाची बॅग चोरीला गेली तर गुन्हा नोंदवला जातो तो दुसऱ्या पाटीखाली. घरी पोहोचताच राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांच्यात विषय वाटून देणाऱ्या तीन सूच्या, उघडली: रेल्वे संघसूचीत 22व्या नोंदीला आहे, परंतु राज्यसूचीतील दुसऱ्या नोंदीत ‘पोलीस’ या विषयातच रेल्वे व ग्राम पोलीस समाविष्ट आहेत.

तेव्हापासून नवख्या विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगतो, की कोणत्याही बातमीला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: विषय कोणाचा, आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा? पहिल्याचे उत्तर संघराज्यपद्धतीत सापडते, दुसऱ्याचे संसदीय पद्धतीत. केंद्रीय मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या केवळ लोकसभेला जबाबदार असते, म्हणूनच एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार तिथे एका मताने पडले. राज्यातही मंत्रिमंडळाचे भवितव्य विधानसभेच्याच हाती असते. आपल्या 78 सदस्यांच्या विधानपरिषदेला सरकार पाडता येत नाही, आणि गोव्यात तर ते सभागृहच नाही.

राज्यसभेपाशी मात्र थांबून वाचावे, कारण तिला दुबळी समजण्याची चूक बहुतेक जण करतात. धनविधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचे विधेयक, ती जास्तीत जास्त 14 दिवस रोखू शकते हे खरे. पण राज्यसूचीतील विषयावर राष्ट्रहितासाठी संसदेने कायदा करावा, असा ठराव अनुच्छेद 249 नुसार उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने फक्त तीच करू शकते, लोकसभा नाही. राज्यांच्या अधिकाराला हात लावायचा तर राज्यांचे सभागृह असलेल्या राज्यसभेची संमती हवी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

तिन्ही सूच्या राज्यघटनेच्या मूळ मजकुरातूनच वाचा आणि 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांच्या सामाईक यादीत, गेलेले शिक्षण, वने यांसारखे पाच विषय पेन्सिलीने अधोरेखित करा. वैद्यकीय प्रवेशावरून केंद्र आणि राज्ये का भांडतात, हे त्या खुणांपाशीच मला प्रथम कळले.